चाती बदलावी की चरखा?

जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून तिथे एसएसडी बसवावी की सरळ नवा लॅपटॉप घ्यावा, हा प्रश्न आज कॉलेजात जाणाऱ्या पोरांपासून हिशेब लिहिणाऱ्या दुकानदारापर्यंत अनेकांपुढे येतो. विकणारा वेगाचा आकडा सांगतो आणि बहुतेकांचा निर्णय त्या आकड्यावर होतो. यंत्राचा एखादा भाग बदलणे परवडते की नाही, हे ठरवायला नव्या भागाचा वेग पुरेसा नाही, असे माझे मत आहे. मुळात काम कुठे खोळंबते आहे, वाचणारा वेळ कुणाचा आहे आणि त्या वेळेला काही मोल दिले जाते का, नवा भाग उद्या बिघडला तर तो कुणाच्या हातून दुरुस्त होणार, हे पाहिल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. हे मत पडताळून पाहायला वर्धा जिल्ह्यासारखी जागा मिळणे कठीण. जुन्या यंत्राचा कोणता भाग बदलायचा आणि कोणता तसाच ठेवायचा, यावर या जिल्ह्यात नव्वद वर्षे वाद आणि प्रयोग झाले आहेत. ते यंत्र म्हणजे चरखा.

वर्धा म्हटले की यंत्रांना नकार देणारे गाव, अशी एक समजूत आहे. इतिहास तिच्या बाजूने नाही. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ वर्ध्यात स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी त्यासाठी आपली बाग आणि इमारत दिली आणि मगनलाल गांधींच्या नावावरून त्या जागेला मगनवाडी म्हणू लागले. जे. सी. कुमारप्पा संघाचे चिटणीस झाले. पुढच्या काही वर्षांत इथे जे काम चालले ते बरेचसे अवजारे सुधारण्याचे होते: तेलाची घाणी, हातकागद, वनस्पती तेलावर जळणारा ‘मगन दीप’ नावाचा कंदील, चुली, जाती. जवेरभाई पटेलांच्या प्रयत्नांतून सुधारलेली घाणी देशभर ‘वर्धा घाणी’ म्हणूनच ओळखली जाते. बैलाच्या घाणीत सगळी झीज खलाच्या तळाशी, लाट फिरते तिथे होते. तेवढा लाकडी भाग वेगळा काढून बदलता आला, तर बाकीचा खल वर्षानुवर्षे टिकतो. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी मगन संग्रहालयाचे उद्घाटन केले, तेव्हा तिथे मांडलेल्या वस्तूंमागे हाच विचार होता. यंत्र सगळेच्या सगळे झिजत नाही, म्हणून ते सगळेच्या सगळे टाकूही नये.

चरख्याची गोष्ट घाणीपेक्षा अवघड होती. साध्या चरख्यावर काम कसे चालते ते एकदा नीट पाहिले, तर वेगाचा प्रश्न चटकन समजतो. उजव्या हाताने चाक फिरवायचे. माळेमुळे चाती, म्हणजे पीळ देणारी टोकदार सळई, फिरते. डाव्या हातातला पेळू, म्हणजे पिंजलेल्या रुईची वळी, मागे नेत जायचे, म्हणजे तंतू ओढले जातात आणि त्यांना पीळ बसतो. हात पुरता मागे गेला की थांबायचे, चाक थोडे उलटे फिरवून चातीच्या टोकावरचे वेढे सोडवायचे आणि मग तयार झालेला तार चातीवर गुंडाळायचा. म्हणजे कातणारीचा वेळ दोन कामांत वाटला जातो, पीळ देणे आणि गुंडाळणे. चाती दुप्पट वेगाने फिरवली तर फक्त पिळाचा वेळ निम्मा होतो. उलटे फिरवणे, गुंडाळणे, तुटलेला तार सांधणे आणि नवा पेळू जोडणे यांना पूर्वीइतकाच वेळ लागतो. खादीच्या हिशेबात चार फुटांचा एक तार आणि ६४० तारांची एक गुंडी. चांगला हात असलेली बाई तासाला तीन-चारशे वार सूत काढते, म्हणजे एका गुंडीला दोन ते तीन तास जातात.

या संथपणावर उपाय शोधण्यासाठी अखिल भारत चरखा संघाने १९२९ साली एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती. तिच्याबरोबर घातलेल्या अटी मला बक्षिसापेक्षाही मोलाच्या वाटतात. यंत्र हलके असावे, सहज इकडून तिकडे नेता यावे, हाताने किंवा पायाने चालावे. खेड्यातल्या झोपडीत बाईला फार न दमता त्यावर आठ तास काम करता यावे. हाताने केलेले पेळू त्यावर चालावेत, नाहीतर पेळू करण्याची सोय यंत्राबरोबरच असावी. आठ तासांत १२ ते २० नंबरचे १६,००० वार सूत निघावे. यंत्राची किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी, ते वीस वर्षे टिकावे आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांपेक्षा, म्हणजे साडेसात रुपयांपेक्षा जास्त होऊ नये. वेग ही या यादीतली एकच अट आहे. उरलेल्या सगळ्या अटी वेगाची किंमत कोण आणि किती मोजणार, याच्याविषयी आहेत.

वेगाची ती अट किती कडक होती, ते साध्या गणिताने कळते. आठ तासांत १६,००० वार म्हणजे मिनिटाला सुमारे ३३ वार, अर्थात १,२०० इंच. वीस नंबरच्या सुताला इंचाला साधारण अठरा पीळ लागतात. एकच चाती असेल तर तिला मिनिटाला एकवीस हजारांहून अधिक फेरे घ्यावे लागतील, तेही क्षणभर न थांबता. हातचरख्यावर हे अशक्य. चार चात्यांवर काम वाटले, तर प्रत्येकीच्या वाट्याला मिनिटाला सुमारे ५,४०० फेरे येतात. नेहमीच्या लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमधली चकतीही मिनिटाला ५,४०० फेरेच घेते. योगायोग खरा, पण मनात राहणारा. म्हणजे केवळ चाती सुधारून हे बक्षीस मिळणारच नव्हते. चात्या वाढवाव्या लागणार, त्या वाढल्या की प्रत्येकीला तंतू पुरवण्याचे काम हातांकडून काढून रुळांकडे द्यावे लागणार, आणि रुळांना एकसारखा पेळू लागणार. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून काळे यांचे यंत्र या स्पर्धेत उतरले, पण सगळ्या कसोट्यांना ते पुरे पडले नाही. बक्षीस कुणालाच मिळाले नाही.

याचे खापर कारागिरांच्या बुद्धीवर फोडणे चुकीचे होईल. खोळंबा चातीत कमी आणि चातीच्या अलीकडे जास्त होता. सूत चांगले निघायला पेळू चांगला लागतो. पेळू चांगला व्हायला रुई मोकळी आणि नीट पिंजलेली लागते. वर्धा जिल्हा कापसाच्या ऐन मुलखात. रेल्वे आल्यावर हिंगणघाटचा कापूस त्याच नावाने दूरच्या बाजारांत विकला जाऊ लागला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हिंगणघाट, पुलगावला गिरण्याही उभ्या राहिल्या. पण हा सगळा व्यापार गाठींचा होता. रेच्यांत सरकी काढायची, प्रेसमध्ये रुई दाबून गाठ बांधायची आणि ती रवाना करायची. दाबलेल्या रुईतले तंतू एकमेकांत घट्ट बसतात. ते पुन्हा मोकळे करायला पिंजण किंवा गिरणीतली जड यंत्रे लागतात. दारासमोर कापूस पिकत असूनही कातणाऱ्या बाईला हवी तशी रुई मिळेलच याची खात्री नव्हती. म्हणूनच इथले कार्यकर्ते हाताने सरकी काढण्यावर, पिंजणावर आणि पुढे बोटांनी तंतू सरळ करण्याच्या तुनाईवर इतका भर देत. विनोबांनी कातण्याचा अभ्यास शास्त्रासारखा केला. कातण्याआधीच्या क्रिया सुधारल्याशिवाय कातणे सुधारत नाही, हे त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून पुन्हा पुन्हा दिसते. चरख्यापेक्षा पेळू सुधारणे अधिक स्वस्त आणि अधिक फायद्याचे होते, असे मी ठामपणे म्हणेन.

वेळेच्या मोलाचा प्रश्न १९३५ साली समोर आला. तेव्हा गांधीजी मगनवाडीत राहत होते. तोवर खादीच्या हिशेबात कातणारीची मजुरी इतकी कमी होती, की तिचा तास वाचला काय आणि गेला काय, किमतीत फारसा फरक पडत नसे. फावल्या वेळचे काम, असे म्हणून त्या कमी मजुरीचे समर्थनही होई. गांधीजींनी आठ तासांना आठ आणे मिळावेत असे मांडले, तेव्हा खादी महाग होईल, विकली जाणार नाही, अशी कार्यकर्त्यांचीच तक्रार होती. विनोबा तर त्या काळात नालवाडीला स्वतः दिवसचे दिवस कातून, कातणारीला मिळणाऱ्या मजुरीत माणसाचे पोट भरते का हे तपासत होते. शेवटी चरखा संघाने किमान मजुरीचे तत्त्व मान्य केले, जरी प्रत्यक्ष दर आठ आण्यांपासून बराच खाली राहिला. मजुरी तासावर मोजली जाऊ लागली, तशी तासाला किती सूत निघते हा प्रश्न खराखुरा झाला. चांगल्या अवजाराची ओढ इथून वाढली. ज्याच्या वेळेची कुणी किंमतच करत नाही, त्याच्या हातातले यंत्र सुधारायला कुणाचे पैसे पुढे येत नाहीत. या इतिहासातला हा धागा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण सुधारणेची चर्चा यंत्रापाशी सुरू होऊन यंत्रापाशीच संपते आणि मजुरी बाहेर राहते.

त्या काळात जे बदल टिकले ते लहान होते, आणि प्रत्येक बदल एका नेमक्या अडचणीला लावलेला होता. येरवड्याच्या तुरुंगात घडत गेलेल्या पेटी चरख्यात मोठ्या चाकाची जागा दोन लहान चाकांनी घेतली. चातीचा वेग राखून चरखा पेटीत मावू लागला. अडचण जागेची होती, ती सुटली. प्रभुदास गांधींनी पायाने चालणारा मगन चरखा केला. त्यात चाक फिरवणारा हात मोकळा झाला आणि दोन हातांनी दोन चात्यांवर सूत काढता येऊ लागले. तिथे अडचण हाताची होती. मॉरिस फ्रीडमन, म्हणजे भारतानंद, यांनी धनुष तकली बनवली. तिला चाकच नाही. धनुष्यासारखी काठी चातीवर पुढे-मागे ओढायची, बस. खेड्यातला सुतार ती सहज करू शकतो, म्हणून तिथे अडचण पैशाची होती असे म्हणता येईल. या तिन्हींपैकी एकानेही १६,००० वारांच्या जवळपास सूत दिले नाही. तरीही ती वापरणाऱ्यांच्या उपयोगी पडली, कारण कोणता अडथळा दूर करायचा हे आधी ठरले होते.

मोठी झेप आली ती अंबर चरख्याने. तामिळनाडूच्या एकांबरनाथन यांनी स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत तो तयार केला आणि त्यांच्या नावावरून त्याला अंबर म्हणू लागले. गिरणीतल्या रिंग पद्धतीचे छोटे रूप, चार चात्या, तंतू ओढायला रूळ. पीळ आणि गुंडाळणी एकाच वेळी चालत असल्याने थांबणे संपले. त्याच्या संचात पिंजणीचे आणि पेळू ओढण्याचे यंत्रही होते, म्हणजे खरा खोळंबा कुठे आहे ते या वेळी ओळखले गेले होते. सरकारने १९५६ मध्ये चौकशी समिती नेमली, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत त्याच्यावर मोठी भिस्त ठेवली आणि गावोगाव अंबर चरखे वाटले गेले. त्यांतले पुष्कळ पुढे बंद पडून राहिले. कारण १९२९ च्या अटींतली दुरुस्तीची अट मागे पडली होती. जुन्या चरख्याची माळ घरच्या सुताची, वाकलेली चाती लोहार सरळ करून देई. अंबरच्या रिंगवर फिरणारी नखाएवढी धातूची कडी झिजली, रुळावरचे आवरण फाटले किंवा चातीला पट्टी चढवणारी चाकी घासली, तर तो भाग गावात मिळत नसे. चार चात्यांपैकी एक थांबली की बाई तीनवर काम करी, मग दोनवर, आणि एक दिवस चरखा कोपऱ्यात जाई.

इथे कुणी म्हणेल की ही सगळी चर्चाच व्यर्थ आहे. गिरणीपुढे चरखा टिकणार नव्हता, मग त्याचे भाग बदलण्यात अर्धे शतक घालवण्यापेक्षा यंत्रच सोडून द्यायला हवे होते. आक्षेप वजनदार आहे आणि सुताच्या भावाकडे पाहिले तर खराही आहे. पण तो पुलगावच्या गिरणीचा विचार करत नाही. भरपूर वेगाची, रोज मणांनी सूत काढणारी ती गिरणीही बंद पडली. निव्वळ वेगाने यंत्राचे आयुष्य ठरत असते, तर तसे झाले नसते. शिवाय चरख्याचा प्रश्न गिरणीशी शर्यत लावण्याचा नव्हता. शेतीच्या मोकळ्या महिन्यांत, दुसरे काहीच काम नसताना, घर न सोडता बाईला चार पैसे मिळावेत एवढी अपेक्षा होती. त्या अपेक्षेला मिनिटाला किती फेरे लागतात याला मर्यादा आहे आणि ती मर्यादा गिरणीच्या आकड्यापेक्षा पुष्कळ खाली आहे.

सुधारणा कुठे थांबवायची हा प्रश्नही वर्ध्यातच उभा राहिला. मगनवाडीतली जुनी संशोधन संस्था पुढे महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था झाली आणि सौर चरख्यावर तिथे बरेच काम झाले. सूर्याच्या विजेवर चालणाऱ्या, अनेक चात्यांच्या या यंत्राचा केंद्र सरकारने २०१८ साली देशव्यापी कार्यक्रमही केला. बाईच्या पायांचे आणि खांद्यांचे श्रम त्याने वाचतात, ही लहान गोष्ट नाही. पण १९५६ च्या कायद्यानुसार खादी म्हणजे हाताने कातलेल्या सुताचे हातमागावर विणलेले कापड. विजेने काढलेले सूत त्या व्याख्येत बसत नाही आणि त्या कापडाला खादी म्हणून मिळणारा भाव आणि सवलत सांगता येत नाही. एक भाग बदलला आणि मालाची जातच बदलली. मला सौर चरख्याला विरोध करायचा नाही. त्याचा हिशेब खादीच्या वहीत न मांडता वेगळ्या वहीत मांडावा, एवढेच.

आता लॅपटॉप. हार्ड डिस्कमधली चकती सेकंदाला नव्वद फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला अकरा मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचणाऱ्या सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, शिवाय सुईचा दांडा योग्य जागी सरकायला आणखी तेवढा किंवा त्याहून जास्त वेळ. इकडची-तिकडची लहान-लहान माहिती वाचायची तर अशी डिस्क सेकंदाला साठ-सत्तर वेळाच वाचू शकते. लॅपटॉप सुरू होताना नेमके असेच हजारो तुकडे वाचायचे असतात. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्याने ती हे काम सेकंदाला हजारो वेळा करते. इथे खोळंबा खरोखर चकतीतच आहे, म्हणून हा बदल कसोटीला उतरतो. पण तो तिथेच आहे हे आधी पाहावे. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा रकाना शंभर टक्क्यांवर आणि प्रोसेसर रिकामा, असे चित्र असेल तर एसएसडी घ्यावी. रॅम चार जीबी असेल आणि ब्राउझरच्या चार खिडक्यांत ती भरून जात असेल, तर मशीन उरलेला भार डिस्कवर टाकते आणि दोष डिस्कचा वाटतो. तिथे आधी रॅम वाढवावी. व्हिडिओ जुळवताना प्रोसेसरच धापा टाकत असेल, तर डिस्क बदलून पैसे जातील आणि काम तेवढ्याच वेळात होईल. आणि एकदा साधी साटा एसएसडी बसली की तिच्या जागी कित्येक पट वेगाची एनव्हीएमई घेऊन लेखन, हिशेब, अभ्यास यांत फारसा फरक कळत नाही. तो वेग १६,००० वारांसारखा आहे. आकडा मोठा, पण त्या घरात त्याला काम नाही.

यावर दोन आक्षेप येतील. एक म्हणजे डिस्क बदलली तरी जुनी मशीन जुनीच राहते. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ जुन्या प्रोसेसरवर अधिकृतपणे बसत नाही. हे मान्य करावेच लागते. बँकेचे किंवा दवाखान्याचे काम त्या मशीनवर करायचे असेल, तर नुसत्या एसएसडीवर भागणार नाही. लिनक्स चालवायची तयारी हवी, नाहीतर नवा लॅपटॉप घ्यावा. विद्यार्थ्याच्या वाचण्या-लिहिण्यासाठी मात्र लिनक्स आणि एसएसडी मिळून जुन्या मशीनची काही वर्षे सहज वाढतात. लॅपटॉपमुळे होणाऱ्या प्रदूषणाचा मोठा वाटा तो बनतानाच झालेला असतो, म्हणून ती वाढलेली वर्षे जमेच्याच बाजूला पडतात. दुसरा आक्षेप दुरुस्तीचा. एसएसडी गावात बनत नाही आणि बिघडली तर गावात दुरुस्तही होत नाही. अंबरच्या कडीला जो दोष लागला तोच इथे लागत नाही का? अर्धाच लागतो. हार्ड डिस्कही गावात दुरुस्त होत नव्हती. फरक असा, की हार्ड डिस्क बऱ्याचदा कुरकुरत, अडखळत जाते, तर एसएसडी कधीकधी काही न सांगता एकाएकी बंद होते, आणि तीत पुसलेली माहिती परत मिळणे अधिक कठीण. म्हणून काढलेली जुनी डिस्क चालू असेल तर ती भंगारात देऊ नये. स्वस्तातल्या एका केसमध्ये घालून तिच्यावर महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत ठेवावी.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती वाढते आहे. पुष्कळ नव्या पातळ लॅपटॉपांत रॅम आणि काहींत साठवणही मुख्य पाटीवर कायमची डाखलेली असते. तिथे कोणता भाग बदलावा हा प्रश्नच विचारता येत नाही. १९२९ साली चरखा संघाने दुरुस्तीची अट शोधकावर घातली होती, वापरणाऱ्यावर नाही. लॅपटॉप घेणाऱ्यानेही दुकानात वेगाचा आकडा विचारण्याआधी डिस्क स्क्रूने निघते का, रॅमला मोकळी खाच आहे का आणि बॅटरी वेगळी मिळते का, हे विचारावे. उत्तर नकाराचे असेल तर किमतीत पुढच्या लॅपटॉपची किंमतही आत्ताच धरून ठेवावी.